कलत्या घड्याळाचा पट्टा

शनिवारी दुपारी दवाखान्याला कुलूप लावून डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई चौकोनाच्या दुकानाकडे निघाले. काम साधं होतं. एक घड्याळ आणायचं, येताना बिस्किटं घ्यायची. कारण दुसऱ्या दिवशी रविवार, आणि त्या रविवारी मंडळी त्यांच्याकडे जमायची होती.

चौकोन हे काही त्या माणसाचं नाव नव्हे. नवऱ्याच्या घड्याळवेड्या दोस्तांना डॉक्टरीणबाईनं मनातल्या मनात नावं ठेवली होती, आणि मनातली नावं जिभेवर यायला असा कितीसा वेळ लागतो? जुन्या घड्याळांचं दुकान चालवणारा, स्वतः फक्त चौकोनी घड्याळं बाळगणारा तो चौकोन. मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती घड्याळं जमवणारा, आणि अंगानंही तसाच, तो पिंप. तिसरा हडकुळा वकील लंबगोल. गोल घड्याळाकडे ही माणसं ढुंकूनही बघत नसत. "गोल काय, कुणीही करतं," असं लंबगोल म्हणायचा, जसं काही सूर्यचंद्र करणाऱ्याला अक्कलच नव्हती.

डॉक्टर दातांचे. हात एवढा हलका, की पोरं त्यांच्यापुढे आपणहून तोंड उघडायची. "सुई कधी देणार?" असं रुग्णानं विचारावं आणि डॉक्टरांनी "मघाशीच दिली की" म्हणावं, हे रोजचंच. बायको मागच्या खोलीत कवळ्यांचे साचे ओतायची, प्लास्टर कापायची, भट्टी सांभाळायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण डॉक्टरांचा आवाज चढलेला तिनं ऐकला नव्हता. दोघांच्या वाटणीचा राग तिलाच मिळाला होता, आणि तो तिच्या नाकावर बसलेला असायचा. त्यांच्या या एका वेडावर ती तोंडसुख घ्यायची, पण मनातून तिला त्यात वावगं वाटत नव्हतं. दिवसभर लोकांचे किडके दात बघणाऱ्या माणसानं महिन्यातून एकदा काहीतरी सुंदर बघितलं तर बिघडलं कुठे?

दुकानात चौकोनानं पुढे ठेवलेलं घड्याळ सोन्याचं, उभट, तळहातावर सहज मावणारं. पण एक खांदा वर आणि एक खाली. चौकटीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसासारखं ते एका बाजूला कललेलं होतं. त्याच्याबरोबर आकडेही कलले होते. बाराचा आकडा कोपऱ्यात सरकलेला, सहाचा खाली ओढलेला, तीन आणि नऊ एका रेषेत नाहीत. पाठ बाकदार. काचही तशीच वाकवलेली. चौकोनानं मागचं झाकण उघडून दाखवलं, तर आतलं यंत्रसुद्धा गोल नव्हतं, पेटीच्या आकाराला धरून तिरकं घडवलेलं.

"हे असं दुसरं नाही," चौकोन हळूच म्हणाला. "एकच केलं होतं."

डॉक्टरांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. डॉक्टरीणबाई मात्र पट्ट्याकडे बघत होती. काळपट तपकिरी चामडं, आतून घामानं काळं पडलेलं. टेबलावर ठेवला तरी तो सपाट होत नव्हता. अदृश्य मनगट अजून आत असावं तसा गोल वळून बसला होता. आणि त्याला वास होता. जुन्या घामाचा, आणि त्याच्या खाली तापलेल्या लोखंडासारखा काहीतरी. जिन्यावरून तणतणत आलेला माणूस जवळ येऊन उभा राहिला की येतो, तसा.

"हा पट्टा आधी बदला," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिनं बाळाचे कान कापायला सांगितले होते.

"वहिनी, मूळचा पट्टा आहे हा. पहिल्या दिवसापासूनचा. पट्ट्याशिवाय हे घड्याळ अर्धं." चौकोन बोलत होता, पण बघत होता दुकानाच्या दाराकडे. "खरं तर मूळचा पट्टा वापरायचा नसतो, डबीत ठेवायचा असतो. पण एकदा घालून बघायला हरकत नाही. एकदा."

रविवारी मंडळी जमली. त्यांच्या बैठकीचे नियम पक्के. आल्या आल्या प्रत्येकानं आपलं घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवायचं, कारण धातूवर धातू घासला की ओरखडा पडतो. मग रिकामी मनगटं टेबलावर ठेवून सगळे बसत, नखं तपासून घेणाऱ्या शाळकरी पोरांसारखे. काळ्या मखमलीवरून घड्याळ हातोहात फिरे. किंमत विचारायची नाही. "घालू का?" असं विचारल्याशिवाय दुसऱ्याचं घड्याळ मनगटाला लावायचं नाही. आणि "कडा घासून चकचकीत केल्यात का?" असं कुणी विचारलं, तर ती शिवी समजायची.

"काय हिंमत हो करणाऱ्याची!" पिंप भिंगातून बघत म्हणाला. "हा कल बघा. सरळ रेषेला ठेंगा दाखवलाय त्यानं."

"आणि कडा बघा," लंबगोल म्हणाला. "अजून बोचतात. कुणी हात लावलेला नाही."

एकेकानं घालून पाहिलं. पिंपाच्या हातावर ते बसेना, लंबगोलाच्या मनगटावरून घसरलं. चौकोनानं "मला नको" म्हणून हात मागे घेतला. डॉक्टरांच्या डाव्या हातावरही आधी एक कोपरा वर राहिला होता. चहा संपेपर्यंत तोही खाली बसला.

"बसलं!" पिंपानं टाळी वाजवली. "डॉक्टर, तुमच्यासाठीच केलंय हे."

डॉक्टर खूश होऊन हसले, आणि त्यांनी ते रात्रीपर्यंत काढलं नाही.

पहिल्यांदा हात आपटला तो मिठावरून. जेवताना सगळे गप्पा मारत होते, आणि एकाएकी डॉक्टरांची डावी मूठ टेबलावर आदळली. पेले हिंदकळले. लेकीचा, म्हणजे चिमणीचा, घास हातातच राहिला.

"मीठ हवं तर तोंडानं मागा की," डॉक्टरीणबाई कडाडली. "आपटता कुणावर?"

डॉक्टर आपल्या मुठीकडे बघत होते. "मी... मी नाही आपटला," ते म्हणाले. आणि मग ओशाळून हसले, कारण असं कुणी म्हणतं का?

मग हे वाढत गेलं. दार लावलं की धाडकन लागायचं. वर्तमानपत्राचं पान उलटताना फाटायचं. रात्री घड्याळ काढलं, तरी त्याचा कललेला ठसा मनगटावर तसाच असायचा आणि सकाळपर्यंत जायचा नाही. मनगटाच्या बाहेरचं हाड, जे सगळ्यांना असतं, ते डॉक्टरांचं सरकल्यासारखं दिसायला लागलं. त्यांची आवडती जुनी घड्याळं आता त्या हातावर बसत नव्हती, कोपरे वर राहायचे. हे घड्याळ नसलं की हात ठणकायचा. म्हणून ते पुन्हा घालायचे. मंडळींना हे कळलं तेव्हा त्यांना केवढं कौतुक! "घड्याळानं मनगट घडवलं म्हणायचं," लंबगोल म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. उंटावरचे शहाणे बरे, ते निदान खाली उतरू शकतात.

डॉक्टरीणबाईला भीती वाटायला हवी होती. पण तिचा स्वभाव असा, की भीती दाराशी आली की आत आधी राग जाऊन बसायचा. तिला वाटलं, नवरा डोक्यावर चढतोय. उतारवयात माणसं बिघडतात, तसा बिघडतोय. तिनं त्याला बोल बोल बोलून घेतलं.

मग एके दिवशी एक म्हाताऱ्या मुख्याध्यापिकाबाई दाढ काढून घेऊन बाहेर आल्या. तोंडात कापूस होता, त्यामुळे त्यांना धड बोलता येत नव्हतं. "डॉक्टर आज रागात होते का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यांच्या जबड्यावर एका बाजूला चार बोटं उमटली होती आणि दुसऱ्या बाजूला अंगठा. डॉक्टर उजव्या हातानं काम करायचे आणि डाव्या हातानं जबडा धरायचे.

ती आत गेली. डॉक्टर नळाखाली डावा हात धरून उभे होते, घड्याळासकट. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काढा ते," ती म्हणाली.

"काढतो." ते म्हणाले. आणि काढलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी चिमणी खिडकीपाशी बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि खळखळून हसत होती. हसण्यासारखंच काहीतरी असणार, त्या वयात काय कमी असतं? डॉक्टर तिच्या मागून चालले होते. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, म्हणून तिला सगळं नीट दिसलं. डावा हात बाजूला गेला. त्यानं पोरीचे मानेवरचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं मागे ओढलं. फोन खाली पडला.

"बाबा!"

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते उजव्या हातानं आपलीच डावी बोटं उकलत होते. "सोड..." ते म्हणत होते. "अरे सोड... लेक आहे माझी... सोड..."

ते मुलीशी बोलत नव्हते, बायकोशीही नाही. ज्याच्याशी बोलत होते तो ऐकत नव्हता. डॉक्टरीणबाईनं येऊन त्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे मूठ सुटली. सुटताना बोटांत केसांचा झुपका राहिला. तिच्या जिभेवर चामड्याची चव आली, आणि तोच वास नाकात घुसला. तिनं बक्कल ओढलं, पण चामडं मांसात रुतलं होतं. तिनं कात्री आणली, तर त्या हातानं ती हिसकून भिंतीवर भिरकावली. डॉक्टर मागे मागे सरकत दारापर्यंत गेले.

"मी खाली दवाखान्यात जातो," ते म्हणाले. "बाहेरून कडी लाव. पोरीला मामाकडे पाठव."

तिनं पोरीला मामाकडे पाठवलं. कडी लावली. आणि तळपायाची आग मस्तकात घेऊन ती चौकोनाच्या घरी गेली.

चौकोन दारातच पांढरा पडला. चोराच्या मनात चांदणं ते असं.

"कुठून आणलंत ते?" पोरीच्या केसांचं सांगून तिनं विचारलं. "खरं सांगा, नाहीतर आत येऊन तुमच्या त्या कपाटावर वरवंटा घालीन."

"एका बाईंकडून, वहिनी. विधवा आहेत. त्यांनी स्वतःहून दिलं..."

"पट्ट्यासकट?"

चौकोन बोलता झाला. बाईंनी नुसतं घड्याळ दिलं होतं. पट्टा देणार नाही म्हणाल्या. तो वेगळा राहिला पाहिजे, ही दोन्ही पुन्हा एकत्र येता कामा नयेत, म्हणाल्या. चौकोनानं त्यांच्याकडे हात धुवायला म्हणून न्हाणीघर मागितलं, तर कपाटाच्या आत, खिळ्याला, तो पट्टा टांगलेला. त्यानं तो खिशात घातला.

"चोरला," ती म्हणाली.

"वहिनी, मूळचा होता हो! तसा कुजत पडला असता. घड्याळ एकीकडे, पट्टा एकीकडे... ज्याला थोडीही समज आहे, त्याच्या जिवाला हे बघवेल का?" त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पोरीचे केस उपटले गेले हे ऐकून आलं नव्हतं, आता आलं.

"मी तो कापणार आहे," ती म्हणाली. "आजच. पत्ता द्या त्या बाईंचा."

बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. खोलीत भरपूर ऊन होतं. त्या खिडकीत बसून जुना स्वेटर उसवत होत्या आणि लोकरीचा गुंडा करत होत्या. डॉक्टरीणबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्ट्याचं ऐकलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"मला वाटलं मीच हरवला," त्या म्हणाल्या. "बसा. कौतुक करतात म्हणता तुमच्या नवऱ्याचे मित्र. काय म्हणतात ते त्या आकाराला?"

"हिंमत म्हणतात. सरळ रेषेला ठेंगा."

"हाड होतं ते," बाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचं मोडलेलं हाड. आमचा मुलगा लहान होता. ह्यांचा हात फार चालायचा. एकदा पोराला जिन्यावर धरलं होतं, एका पायाला. उलटं. मी ढकललं ह्यांना. मनगट मोडलं, आणि बसवताना तिरकं बसलं. मग त्यांनी मुद्दाम कारागीर गाठला, मनगटाचा साचा दिला, आणि त्या वाकड्या हाडावर बसेल असं घड्याळ करवून घेतलं. सोन्याचं. रोज माझ्यासमोर जेवायला बसले की हात असा टेबलावर ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. मी ते बघत जेवायची." त्यांनी लोकरीचा धागा ओढला. "लोकांना वाटायचं, काय हौशी माणूस आहे."

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर घड्याळ कपाटात वाजत राहायचं. चावी न देता. पट्टा काढून वेगळा ठेवला तेव्हा थांबलं."

"आता काय करू मी?"

बाईंनी लोकरीचा गुंडा बाजूला ठेवला. "मी रडायची," त्या म्हणाल्या. "विनवण्या करायची. त्यावर तो फुगायचा. तुमचा नवराही विनवतोय म्हणता. विनवू नका. मला जे कधी बोलता आलं नाही ते..." त्या थांबल्या. "नको. नकाच. नुसतं कापा आणि निघून या. त्याच्याशी भांडू नका, बाई. भांडणाऱ्याला तो ओळखतो."

पण डॉक्टरीणबाईनं पुढचं ऐकलंच नाही. जिन्यावर एका पायाला धरलेलं पोर तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ती दोन दोन पायऱ्या उतरत होती.

दवाखान्याची कडी निघालेली होती. आत चौकोन, पिंप आणि लंबगोल उभे होते. चौकोनानं बाकीच्यांना बोलावलं होतं. मित्राला वाचवायला नव्हे, पट्ट्याला. डॉक्टर आपल्याच रुग्णांच्या खुर्चीत आडवे पडले होते. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांड्याला बँडेजनं करकचून बांधून घेतला होता. वरचा मोठा दिवा तोंडावर चालू होता. त्या हाताची बोटं काळीनिळी पडली होती आणि तरी ती हलत होती, सावकाश, एकेक करून, पियानोवर ठेवल्यासारखी. खोलीत औषधांचा नेहमीचा वास नव्हता. तापल्या लोखंडाचा होता.

"वहिनी, शांतपणे," लंबगोल म्हणाला. "चामडं भिजवून सैल करता येतं. खास तेल असतं. दोन दिवस द्या फक्त."

"बोटं सडतील तोवर."

"बक्कलसुद्धा मूळचं आहे हो," पिंप कळवळून म्हणाला.

ती मागच्या खोलीत गेली आणि प्लास्टर कापायची जाड कात्री घेऊन आली. चौकोन आडवा आला आणि त्यानं तिचा दंड धरला. तिनं कात्रीच्या मुठीनं त्याच्या बोटांवर असा तडाखा दिला, की तो ओरडत भिंतीला टेकला. त्याच क्षणी बँडेज तुटलं. कापलं नाही, सुटलं नाही, तुटलं. आणि डॉक्टरांच्या हातानं तिचा गळा धरला.

"पळ..." डॉक्टर म्हणाले. त्यांच्या गालांवरून आसवं वाहत होती. "अगं पळ... मला नाही आवरत... त्याला काहीतरी सांग... हात जोड..."

तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घड्याळ तिच्या कानापाशी होतं आणि टिकटिकत होतं, पण एकसारखं नाही. धाप लागलेला माणूस श्वास घेतो तसं, अडखळत. तिनं हात जोडले नाहीत. तिनं त्या मनगटाकडे बघितलं आणि तिच्या पोटातून जो राग वर आला, तो तिला स्वतःला नवा होता. तो तिचा एकटीचा नव्हताच.

"मोडलं ना तुझं मनगट?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बरं झालं मोडलं. मान मोडायला हवी होती. पोराला उलटं धरतोस? बायकोला हाड दाखवत जेवतोस? मेलास तरी पुरलं नाही, म्हणून माझ्या नवऱ्याच्या हातात शिरलास? तू मोठा नव्हतास रे. जिन्यावरनं एका बाईनं ढकललं तर गडगडलास. ऐकतोयस ना? मी घाबरत नाही तुला. ये. माझ्याशी बोल. त्याच्याशी नको, माझ्याशी बोल!"

हात ढिला झाला. एकदम नाही. आधी अंगठा सुटला. मग बाकीची बोटं. ऐकताना माणूस मान तिरकी करतो, तसं ते मनगट किंचित कललं. आणि घड्याळ थांबलं.

तिनं कात्री आत सारली आणि पट्टा कापला.

"अरेरे..." मागून पिंपाचा आवाज आला. एवढं सगळं होऊन त्याच्या तोंडून हेच निघालं.

घड्याळ फरशीवर पडलं. चौकोनानं दुखऱ्या हातानं ते उचललं, दिव्याखाली धरलं आणि ओरखडा पडलाय का ते पाहिलं.

"न्या," ती म्हणाली. "लग्न लावा त्याच्याशी. पुन्हा या दारात दिसलात तर तिघांच्या कवळ्या मीच बसवीन, आणि त्यासाठी दात मीच पाडीन."

पट्ट्याचे दोन्ही तुकडे तिनं भट्टीत टाकले, जिथं दातांचं सोनं वितळायचं. जळताना तो वास सगळ्या इमारतीत पसरला. भट्टी निवल्यावर तिनं आत बघितलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. राखेचे दोन वळलेले तुकडे होते, अजून गोल. तिनं ते बोटानं दाबून मोडले आणि नळाखाली हात धुतले.

डॉक्टरांच्या बोटांना रंग आला. हाडाचा फोटो काढला, तर कुठं काही मोडलेलं नव्हतं. महिन्याभरात ठसा पुसला गेला, हात पुन्हा हलका झाला. मुख्याध्यापिकाबाईंची त्यांनी जाऊन माफी मागितली, आणि त्या पुढची दाढ घेऊन त्यांच्याचकडे आल्या. डॉक्टरांनी घड्याळांचं कपाट बंद केलं. चिमणी मामाकडून परत आली. आधी बाबांच्या डाव्या बाजूला बसत नव्हती, मग बसायला लागली. डॉक्टरीणबाईचा आवाज त्या दिवसापासून घोगरा झाला होता तो तसाच राहिला. गळा आवळला होता, असं होणारच, असं सगळे म्हणाले.

एका दुपारी मायलेकी गच्चीवर धुतलेल्या चादरी काढायला गेल्या. वारा सुटला होता. चादर चिमणीच्या तोंडावर आली, ती गुरफटली, दोघी हसायला लागल्या. डॉक्टरीणबाई तर एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. रागाचा मागमूसही नव्हता मनात.

"आई," चिमणी चादरीच्या आतून म्हणाली. ती आता हसत नव्हती. "आई... दुखतंय. सोड ना."

"काय सोडू?"

"माझा हात..."

डॉक्टरीणबाईनं खाली बघितलं. तिच्या डाव्या हातानं पोरीचं कोपर धरलं होतं आणि सावकाश, सावकाश मागे पिरगाळत आणलं होतं. कधी धरलं, हे तिला आठवेना. तिनं हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. मग उजव्या हातानं बोटं उकलायला घेतली.

बाही वर सरकली होती. उन्हातान्हात रापलेल्या हातावर, मनगटापाशी, कातडीचा एक तुकडा फिकट होता, वर्षानुवर्षं ऊन न लागल्यासारखा. उभट. एक खांदा वर, एक खाली. आणि तिनं तर जन्मात कधी घड्याळ घातलं नव्हतं.

"सोड..." ती हळूच म्हणाली. "अरे, लेक आहे माझी..."